मूसा (अ.) यांच्या आईचे हृदय आणि आजचे पालक

कुरआनमध्ये आपल्याला अनेक पालक भेटतात. त्यांतील एका आईचे नाव कुरआनने सांगितलेले नाही. तिच्या हृदयाची अवस्था मात्र सांगितली आहे. ती म्हणजे हजरत मूसा (अ.) यांची आई. सूरह अल्‌-कसस (२८:७-१३) मध्ये तिची हकीकत येते. फिरऔनच्या राज्यात इस्राईल वंशातील मुलगे ठार केले जात होते. अशा काळात तिच्या पोटी मुलगा जन्माला आला. बाळाला नदीत सोड, तो तुझ्याकडे सुखरूप परत येईल, असे अल्लाहने तिच्या मनात घातले. तिने आज्ञा पाळली.

पुढची आयत लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. अल्लाहचे वचन मिळाले असतानाही त्या आईचे हृदय सैरभैर झाले. सारे गुपित तिच्या तोंडून बाहेर पडण्याच्या बेतात होते. परंतु अल्लाहने तिचे हृदय घट्ट बांधून धरले आणि ती सावरली. मग तिने मुलीला पाठवले : भावाच्या मागोमाग जा, त्याच्यावर लक्ष ठेव. त्या मुलीच्या हुशारीमुळेच बाळ पुन्हा आईच्या कुशीत आले.

या थोड्याशा आयतींमध्ये पालकांसाठी तीन धडे आहेत. पहिला, मुलाच्या चिंतेने आईबापाचे मन ढासळणे हे श्रद्धेच्या विरुद्ध नाही. दुसरा, ढासळलेल्या मनाला बळ देणारा अल्लाहच आहे. तिसरा, ते बळ मिळाल्यावर माणूस हात जोडून बसत नाही. तो उपाय करतो आणि त्या उपायात घरच्यांना सोबत घेतो. आजच्या लेखात शाळकरी मुलांच्या पालकांवरील मानसिक ताण आणि तो हलका करण्यासाठी जगभर व आपल्या पुण्यातही चालणारे आधाराचे प्रयत्न यांचा विचार या तीन धड्यांच्या प्रकाशात करावयाचा आहे.

इशाच्या नमाजनंतरचा प्रश्न

दहावीच्या परीक्षांचे दिवस होते. आमच्या भागातील मशिदीत इशाच्या नमाजनंतर एक परिचित गृहस्थ माझ्यासाठी थांबले. म्हणाले, “सर, मुलगा दहावीला आहे. मोबाईल सोडत नाही, उलट बोलतो. तुमच्या ओळखीत एखादा चांगला आमिल आहे का?”

मी म्हटले, “भाई, मुलाचे बोलू या. पण आधी सांगा, तुम्ही कसे आहात?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “काल मी त्याला पट्ट्याने मारले. रात्रभर झोप लागली नाही. फजरला उभा राहिलो, तर नमाजमध्ये सारखा त्याचाच चेहरा समोर येत होता. माझे ईमानच कमजोर झाले आहे, सर.”

ते मुलासाठी ताबीज मागायला आले होते. आजार मात्र त्यांच्या स्वतःच्या मनात साचलेला होता. असे पालक आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. ते कुणाशी बोलत नाहीत, कारण बोलणार कुणाशी?

हे ओझे कोठून येते?

कोंढवा, हडपसर, भवानी पेठ किंवा कॅम्प भागातील एखाद्या घराचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळी शाळेची व्हॅन, दुपारी घरी आल्यावर दोन घास, मग मकतब, मग शिकवणी, रात्री गृहपाठ. मुलाच्या या धावपळीमागे आईची धावपळ असते. वडील हिंजवडीच्या कंपनीत असोत की रिक्षाच्या हँडलवर, घरी येतात तेव्हा मूल पेंगुळलेले असते. शाळेच्या व्हॉट्‌सॲप गटावर दिवसभर सूचना येत राहतात. आईबापांचे शिक्षण उर्दू किंवा मराठी माध्यमातून झालेले आणि मूल इंग्रजी माध्यमात. गृहपाठात मदत करता येत नाही, ही खंत मनाला बोचत राहते. फीचा हप्ता आला की व्याजाच्या कर्जापासून दूर राहण्याची धडपड सुरू होते. आणि गावाकडे, मग ते कोकणात असो, सोलापुरात असो वा मराठवाड्यात, ज्या दादी-नानीने अशा वेळी मूल मांडीवर घेतले असते, ती तेथेच राहिलेली असते.

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी ऑगस्ट २०२४ मध्ये पालकांच्या ताणाविषयी एक विशेष निवेदन प्रसिद्ध केले. त्यातील आकड्यांनुसार, बहुतेक दिवशी ताण पूर्णपणे असह्य होतो असे सांगणाऱ्या पालकांचे प्रमाण ४८ टक्के होते. इतर प्रौढांमध्ये ते २६ टक्के होते. म्हणजे सुखसोयींनी भरलेल्या देशातही पालकत्वाचे ओझे हलके झालेले नाही.

याहून विचार करायला लावणारा अभ्यास बेल्जियमच्या दोन मानसशास्त्रज्ञांचा आहे. इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलाझाक यांनी इतर अनेक संशोधकांसह ४२ देशांतील १७,४०९ पालकांची पाहणी केली. ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पालकत्वातून येणाऱ्या टोकाच्या थकव्याचा तो अभ्यास होता. देशादेशांतील आर्थिक विषमता, मुलांची संख्या, त्यांचे वय, मुलांसोबत घालवलेले तास या सर्वांपेक्षा एका गोष्टीचा संबंध या थकव्याशी अधिक आढळला : ज्या समाजांत ‘ज्याचे त्याने पाहावे’ ही वृत्ती प्रबळ आहे, तेथे पालक अधिक थकलेले होते. मूल वाढवणे हे एकट्याचे काम होते, तेव्हा ते जड होते.

उम्मत एका शरीरासारखी आहे, एका अवयवाला वेदना झाली की सारे शरीर जागे राहते, ही शिकवण आपल्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली. आपण ती व्याख्यानात सांगतो. आपल्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या आईची रात्र कशी गेली, हे मात्र आपल्याला ठाऊक नसते.

ताण आणि टोकाचा थकवा

थोडा ताण वाईट नसतो. मुलाला ताप आला की आई जागी राहते, परीक्षा आली की बाप लवकर घरी येतो. हे ताणामुळेच घडते. जबाबदारीचे भान त्यात असते. प्रश्न तेव्हा निर्माण होतो, जेव्हा खर्च होणारे बळ रोज अधिक आणि मिळणारे बळ रोज कमी असते. वर उल्लेख केलेले संशोधक याला तराजूची उपमा देतात : एका पारड्यात ताण वाढवणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात आधार देणाऱ्या गोष्टी. पहिले पारडे दीर्घकाळ खाली राहिले की पुढील चार लक्षणे दिसू लागतात.

१. मुलांच्या नुसत्या विचाराने गळून गेल्यासारखे वाटते.
२. ‘मी आधी असा नव्हतो, अशी नव्हते’ ही टोचणी मनाला लागून राहते.
३. पालक असण्याचाच वीट येतो.
४. मुलाचे जेवणखाण, शाळा सारे होते. पण मायेने जवळ घेणे, बोलणे थांबते.

आपल्या पूर्वजांनाही मनाचे हे व्यवहार अपरिचित नव्हते. बल्ख येथील विद्वान अबू झैद अल्‌-बल्खी (इ.स. ८५०-९३४) यांनी ‘मसालिह अल्‌-अब्दान वल्‌-अन्फुस’ हा ग्रंथ लिहिला. शरीराचे आरोग्य आणि मनाचे आरोग्य यांचा एकत्र विचार त्यांनी त्यात केला. राग, दुःख, भय आणि मनात पुन्हा पुन्हा येणारे छळणारे विचार असे मनाच्या त्रासांचे चार भाग त्यांनी मांडले. कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारण न समजणारे दुःख यांत त्यांनी फरक केला. माणूस जशी शरीरासाठी औषधे आधीच घरात ठेवतो, तशी मन शांत असताना चांगल्या विचारांची शिदोरी बांधून ठेवावी आणि कठीण वेळी ती उघडावी, असे त्यांचे सांगणे आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एका मुस्लिम विद्वानाला जे लिहिताना संकोच वाटला नाही, ते आज आपल्याला बोलतानाही का वाटावे?

‘ईमान कमजोर झाले’ हा गैरसमज

त्या रात्रीच्या गृहस्थांप्रमाणे अनेकांना वाटते की मन खचले म्हणजे श्रद्धा खचली. कुरआन याला दुजोरा देत नाही. हजरत याकूब (अ.) हे प्रेषित होते. पुत्रवियोगाने त्यांचे डोळे पांढरे पडले, असे सूरह यूसुफ (१२:८४) सांगते. त्यांनी आपले दुःख अल्लाहपुढे मांडले आणि त्याच वेळी मुलांना भावांचा शोध घ्यायला पाठवले, निराश होऊ नका असे बजावले (१२:८६-८७). अश्रू, प्रार्थना आणि प्रयत्न हे तिन्ही एकाच हृदयात नांदत होते.

हजरत मूसा (अ.) यांच्यावर मोठी कामगिरी सोपवली गेली, तेव्हा त्यांनी काय मागितले? सूरह ताहा (२०:२५-३२) पाहावी. त्यांनी मन मोकळे व विशाल होण्याची प्रार्थना केली, काम सोपे होण्याची प्रार्थना केली आणि आपल्या कुटुंबातून एक साहाय्यक मागितला, भाऊ हारून (अ.). प्रेषितही सोबत मागतात. मग आईबापाने सोबत मागणे कमीपणाचे कसे?

उपचाराविषयीही शिकवण स्पष्ट आहे. उपचार घ्या, वार्धक्य सोडल्यास अल्लाहने प्रत्येक आजाराबरोबर त्याचा इलाज ठेवला आहे, या अर्थाची हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. येथे शरीराचा आजार आणि मनाचा आजार असा भेद केलेला नाही. दुआ आणि जिक्र हृदयाचा आधार आहेत. मधुमेहाचा रुग्ण दुआही करतो आणि औषधही घेतो, तसेच हे आहे.

आधाराच्या कार्यक्रमांत नेमके काय होते?

‘समुपदेशन’ किंवा ‘पालक प्रशिक्षण’ हे शब्द ऐकले की कुणीतरी आपल्या चुका काढणार, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात चांगल्या कार्यक्रमांची रीत साधी असते. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या एका कार्यक्रमात फक्त पाच बैठका असतात आणि त्या तज्ज्ञ डॉक्टरांनीच घ्याव्यात असे नाही. प्रशिक्षण व देखरेख मिळालेली सामान्य माणसेही त्या घेऊ शकतात. पाकिस्तानातील पेशावर येथे ३४६ प्रौढांवर त्याची तपासणी झाली आणि २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आघात सोसलेल्या त्या वस्तीत, तीन महिन्यांनंतरही लोकांची चिंता व उदासी कमी झालेली आढळली. आपल्या शेजारच्या गोव्यात ‘संगात’ ही संस्था १९९६ पासून काम करते. तिने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून, सहा ते आठ भेटींत, तीव्र उदासीने ग्रासलेल्या ४९५ लोकांवरील उपचाराची तपासणी केली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली व तेथेही उपयोग दिसून आला.

या कार्यक्रमांतील मुख्य चार पायऱ्या अशा :

पहिली, समस्या वेगळ्या करणे. मनात सारे एकत्र गोळा झाले की ते डोंगराएवढे दिसते. कागद घ्यावा आणि तीन रकाने करावेत : सोडवता येण्यासारखे, आपल्या हातात नसलेले आणि फारसे महत्त्वाचे नसलेले. पहिल्या रकान्यातील एकच गोष्ट उचलावी. उदाहरणार्थ, ‘मूल अभ्यास करत नाही’ ही समस्या फार मोठी आहे. ‘रात्री साडेनऊनंतर मोबाईल कोठे ठेवायचा’ ही सोडवता येण्यासारखी आहे. तिचे जमतील तितके उपाय लिहावेत, एक निवडावा, आठवडाभर करून पाहावा, मग पुन्हा बसावे. हातात नसलेला रकाना अल्लाहवर सोपवावा. उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण हीच आहे.

दुसरी, शरीर शांत करणे. सावकाश, पोटापासून श्वास घ्यावा आणि तसाच सोडावा. रोज काही मिनिटे. राग आला आणि उभे असाल तर बसावे, तरीही तो गेला नाही तर आडवे व्हावे, ही प्रेषितांची (स.) सूचना अबू दाऊद यांनी नोंदवली आहे. रागाच्या क्षणी शरीराची अवस्था बदलणे, हात उगारण्यापूर्वी थोडा अवकाश निर्माण करणे, हेच आजचे समुपदेशकही शिकवतात.

तिसरी, सुटलेली लहान कामे पुन्हा धरणे. खचलेला माणूस आधी आनंदाची कामे सोडतो : शेजारणीकडे जाणे, फेरफटका, झाडांना पाणी. ‘मन ठीक झाले की करीन’ असे तो म्हणतो. क्रम उलटा आहे. लहानसे काम आधी सुरू करावे लागते, मन हळूहळू त्यामागे येते.

चौथी, आधाराची माणसे ओळखणे. ऐकून घेणारे कोण, मूल तासभर सांभाळणारे कोण, पैशांच्या व्यवहारात सल्ला देणारे कोण, अशी नावे लिहून काढावीत. पुष्कळांना हा कागद भरताना कळते की नावे आहेत, आपणच हाक मारलेली नाही.

पालकांसाठीच्या कार्यक्रमांत याला मुलाशी वागण्याच्या रीतीची जोड असते. रोज दहा-पंधरा मिनिटे मूल म्हणेल तो खेळ किंवा गप्पा. उपदेश नाही, मोबाईल नाही. चांगले वागले तेव्हा नेमके काय आवडले ते सांगणे. एका वेळी एकच, स्पष्ट सूचना देणे. मारहाणीऐवजी आधी ठरलेला, लहान आणि पाळता येणारा परिणाम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ० ते १७ वयाच्या मुलांच्या पालकांसाठी अशा कार्यक्रमांची शिफारस करणारी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

सीरतचा अभ्यास करणाऱ्याला हे परके वाटणार नाही. हजरत अनस (रजि.) सुमारे दहा वर्षांचे असताना प्रेषितांच्या (स.) सेवेत आले, म्हणजे आजच्या चौथी-पाचवीच्या मुलाएवढे. दहा वर्षांच्या सहवासात आपल्याला कधी त्रासिक उद्‌गारही ऐकावा लागला नाही, हे का केलेस किंवा ते का केले नाहीस असे विचारले गेले नाही, अशी साक्ष त्यांनी दिली आहे. सूरह लुकमानमध्ये (३१:१३-१९) पित्याचा मुलाला उपदेश आहे. त्यात ‘माझ्या लाडक्या मुला’ अशी मायेची हाक तीनदा येते आणि शेवट आवाज खाली ठेवण्याच्या शिकवणीने होतो. रडणाऱ्या बाळाच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून प्रेषित (स.) नमाज थोडक्यात आटोपत, हे बुखारी यांच्या संग्रहात आहे. आईच्या ताणाची दखल सामुदायिक नमाजमध्येही घेतली गेली, हे इमाम आणि मशिदीचे व्यवस्थापक यांनी विसरू नये.

पुण्यात काय उपलब्ध आहे?

पुणे शहर पालक-शिक्षणाच्या विचारात मागे नाही. १९८७ मध्ये येथूनच ‘पालकनीती’ हे मराठी मासिक सुरू झाले. मुलाला वाढवणे हा वडीलकीच्या अधिकाराचा नव्हे, तर विचारपूर्वक करावयाच्या संवादाचा विषय आहे, ही भूमिका त्याने मांडली. त्याच परिवाराचे ‘खेळघर’ कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीत मुलांबरोबर आणि त्यांच्या पालकांबरोबर काम करते. ‘कनेक्टिंग’ ही पुण्यातील संस्था २००५ पासून आत्महत्या रोखण्यासाठी काम करते. तिचे प्रशिक्षित स्वयंसेवक दुःखी माणसाचे म्हणणे, निवाडा न करता, ऐकून घेतात. ससून रुग्णालयाचा मनोविकार विभाग आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय येथे सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांना उपचार मिळू शकतात. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात पुण्यात मुख्यालय असलेले राज्य मंडळ समुपदेशक नेमते.

घर न सोडता मिळणारी मदतही आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ ने परवडणारे मानसिक उपचार मिळणे हा नागरिकांचा हक्क मानला आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचेही बंधन घातले आहे. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले होते की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. पैसा आणि अंतर ही त्यामागची कारणे आहेतच. ‘लोक काय म्हणतील’ हेही एक कारण आहे, आणि ते दूर करणे आपल्या हातात आहे.

मोहल्ल्यात सहा बैठका

मशीद, शाळा किंवा मोहल्ला समिती यांनी मनावर घेतले तर पालकांचे लहान मंडळ सुरू करणे अवघड नाही. अनुदानित व शासकीय शाळांच्या व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानुसार तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तेथूनही आरंभ होऊ शकतो. आठ ते बारा पालक, आठवड्यातून एकदा दीड तास, सहा आठवडे, एवढे पुरे. मातांसाठी सोयीची वेळ व स्वतंत्र जागा असावी, लहान मुलांना सांभाळणारे कुणी असावे आणि वडिलांनाही आग्रहाने बोलवावे. मूल बिघडले की आईला बोल आणि यशस्वी झाले की वडिलांना श्रेय, ही रीत इस्लामची नव्हे. दूध तोडण्यासारख्या घरगुती बाबीतही आईबापांनी परस्पर संमतीने व सल्लामसलतीने निर्णय घ्यावा, असे सूरह अल्‌-बकरह (२:२३३) शिकवते. मग शाळा, शिकवणी आणि मोबाईल यांविषयी तर बसून बोलायलाच हवे.

बैठकांचा क्रम असा ठेवता येईल : पहिलीत ओळख आणि मन मोकळे करणे, दुसरीत समस्यांचे तीन रकाने, तिसरीत राग व श्वास, चौथीत मुलासोबतची दहा मिनिटे, पाचवीत पतिपत्नीतील सल्लामसलत व घराचे वेळापत्रक, सहावीत आधाराच्या माणसांची यादी आणि पुढे कोठे जावे याची माहिती. किमान दोन बैठकांना प्रशिक्षित समुपदेशक बोलवावा.

दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. बैठकीतील बोलणे ही अमानत आहे. ते बाहेर नेणे म्हणजे विश्वासघात. आणि कुणी आपले दुःख सांगितले की लगेच उपदेश करू नये. ‘सब्र करा’ हे वाक्य योग्य वेळी आधार असते. ऐकून न घेताच उच्चारले तर ते बंद केलेल्या दारासारखे वाटते.

मंडळ हे उपचाराचा पर्याय नाही, हेही ध्यानात असावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, मुलावर किंवा जोडीदारावर पुन्हा पुन्हा हात उगारला जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. मरणाचे विचार मनात येत असतील तर क्षणाचाही विलंब करू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये, १४४१६ वर संपर्क साधावा आणि रुग्णालय गाठावे.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले?

त्या रात्री आम्ही मशिदीच्या पायरीवर बराच वेळ बसलो. मी त्यांना आमिलाचा पत्ता दिला नाही. १४४१६ हा क्रमांक दिला. त्यांनी दोन दिवस घेतले, मग फोन केला. पुढे ते एका समुपदेशकाकडे चार-पाच वेळा गेले. कर्जाची चिंता कुणालाच सांगितलेली नव्हती, ती पत्नीला सांगितली. आणि एके दिवशी मुलाजवळ बसून म्हणाले, “मी मारले ते चुकले.” मुलगा काहीच बोलला नाही, उठून आत गेला. थोड्या वेळाने पाण्याचा ग्लास घेऊन आला.

मुलाचे गुण फारसे वाढले नाहीत. मोबाईलवरून कुरबुर अजून होते. पण त्या घरात पट्टा पुन्हा उचलला गेलेला नाही, आणि ते गृहस्थ आता इशानंतर दुसऱ्या कुणाचे तरी ऐकत बसलेले दिसतात.

हजरत सलमान (रजि.) यांनी हजरत अबू दर्दा (रजि.) यांना समजावले होते की पालनकर्त्याचा जसा आपल्यावर हक्क आहे, तसाच स्वतःच्या जिवाचा आणि घरच्यांचाही आहे, आणि प्रेषितांनी (स.) त्या सांगण्याला खरे म्हटले. स्वतःच्या जिवाचा हक्क देणारा पालकच मुलांचा हक्क नीट देऊ शकतो. अल्लाह कुणावरही त्याच्या कुवतीपलीकडचे ओझे टाकत नाही (२:२८६). परंतु एकाचे ओझे दुसऱ्याने थोडे उचलावे, यासाठीच त्याने आपल्याला शेजारी, नातलग आणि उम्मत दिली आहे.

हे अल्लाह, मूसा (अ.) यांच्या आईचे हृदय जसे तू सावरलेस, तसे प्रत्येक थकलेल्या आईबापाचे हृदय सावर. आमची मुले आमच्या डोळ्यांची शीतलता कर, आणि आम्हाला त्यांच्यासाठी सावली कर. आमीन.

घरी चर्चेसाठी

१. मूसा (अ.) यांच्या आईने मन सावरल्यावर कोणता उपाय केला? आपल्या घरात अशा वेळी कोण कुणाला सोबत घेते?
२. या आठवड्यातील तीन चिंता लिहा आणि त्यांतील सोडवता येण्यासारखी एक निवडा.
३. आपल्या इमारतीतील किंवा गल्लीतील कोणत्या पालकाची आपण गेल्या महिन्यात विचारपूस केली?
४. मुलांनी उत्तर द्यावे : अम्मी-अब्बा दमलेले आहेत, हे तुम्हाला कशावरून कळते?